म्हातारीनं पास केलेला पाना

आमच्या घरात पाहुण्याला पाण्याचा तांब्या मिळायच्या आधी त्याच्या पिशवीतला पाना बघितला जातो, असं आई म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. तात्या, म्हणजे माझे वडील, कुंडलमधले पंपमिस्त्री. आसपासच्या गावांतल्या विहिरींमध्ये पंप बसवायचे, उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की ते खाली उतरवायचे, बिघडले की उघडायचे, हे त्यांचं काम. त्यातही बसवण्याला ते काम मानतच नसत. "बसवायला काय, कुनीबी बसवंल," म्हणायचे, "गंजल्यालं सोडवून दाखवा, मग तुमाला मिस्त्री म्हनतो." गंजलेलं सोडवायचं तर पाना चांगला हवा, आणि चांगला पाना मिळणं हे तात्यांच्या मते चांगला जावई मिळण्यापेक्षा अवघड. हे वाक्य ते पुष्कळदा बोलत. घरातले सगळे हसत, मीही हसत असे.

अंगणात कडुनिंबाखाली म्हातारी असायची. म्हातारी म्हणजे उसाच्या जुन्या चरकाचा लोखंडी सांगाडा. कुणाच्या तरी गुऱ्हाळातला, एका पुरात वाहून नदीकाठच्या गाळात रुतलेला आणि कित्येक वर्षं तिथंच पडून राहिलेला. तात्यांनी तो बैल लावून ओढून काढला आणि घरी आणला, तेव्हा आईनं विचारलं होतं, हे मढं कशाला आणलंत. त्याला सोळा बोल्ट होते आणि सोळाही असे गंजून बसले होते की नट कुठं संपतो आणि सांगाडा कुठं सुरू होतो ते चाचपून कळत नसे. तात्यांना तेच हवं होतं. नटांचे कोपरे तेवढे त्यांनी कानशीनं घासून नीट केले आणि तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक नवा पाना आधी म्हातारीला लावायचा अशी रीत पडली. पान्याच्या दांड्यात तीन हात लांब नळी घालायची, अंगाचं सगळं वजन टाकायचं, आणि असं तीन बोल्टांवर करायचं. बोल्ट सुटावा अशी अपेक्षाच नसे. पान्याचं तोंड फाकतं का, तो नटावरून घसरतो का, दांडा वाकतो का, एवढं बघायचं. तिन्ही बोल्टांवर पाना जसाच्या तसा राहिला तर तो म्हातारीनं पास केला.

पास झालेल्या पान्याला आई हळदकुंकू लावायची, गुळाचा खडा दाखवायची, आणि मग तो तात्यांच्या पेटीत जायचा. नापास झालेले पाने तात्या टाकत नसत, मोडीतही घालत नसत. गोठ्याच्या वळचणीला त्यांनी एक तार ताणली होती, तिच्यावर ते टांगले जायचे. कुणाचं तोंड फाकलेलं, कुणाचा जबडाच उडालेला. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे. त्या किणकिणाटात मी लहानाची मोठी झाले, त्यातच अभ्यास केला, त्यातच दुपारची झोप काढली. परवा माझ्या सुनेनं गॅलरीत काचेच्या आणि पितळेच्या नळ्यांचं एक झुंबर आणून लावलं, वाऱ्यावर वाजणारं. हौसेनं आणलं होतं बिचारीनं. मी तिला ते त्याच दिवशी काढायला लावलं आणि कारण सांगितलं नाही. म्हातारपणी माणसाच्या लहरी खपून जातात, हा त्यातला मोठा फायदा.

परीक्षेच्या दिवशी आई हुलग्याची शेंगोळी करायची, कारण ती रटरटत ठेवून बाहेर येऊन बघता यायचं. भाकरी थापायला बसलं की उठता येत नाही. लसणाचा आणि हुलग्याचा तो वास आला की मी वही मिटून कडुनिंबाच्या मुळीवर जाऊन बसायची. ती माझी जागा होती आणि मला तिथं काम होतं. नळीवर वजन टाकणाऱ्याला पान्याचं तोंड दिसत नाही. ते केसभर फाकलं तरी सांगायला डोळा लागतो आणि तात्यांच्या मते घरात तसा डोळा माझा एकटीचा होता. "शाले, बगतीस न्हवं?" ते नळीवर लोंबकळताना विचारायचे. "बगती तात्या." मी "फाकलं" म्हटलं की परीक्षा संपली, मग मोठमोठे मिस्त्री का असेनात. एका मुलीच्या शब्दावर पाने तारेवर चढायचे, याचा मला केवढा तोरा होता ते आता आठवून लाज वाटते.

नळीला दुसरा हात दादाचा. आनंदा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तात्यांबरोबर कामाला जाणारा. विहिरीत उतरायचा तोच. उतरताना तो शीळ घालायचा आणि खाली काम चालू असेपर्यंत ती चालू ठेवायची, असं तात्यांनीच त्याला लावून दिलं होतं. वर उभ्या माणसाला खालचं काही दिसत नाही. शीळ येतेय तोवर पोरगं धड आहे असं समजायचं. विहिरीतून येणारी शीळ वेगळी असते, जाड असते, कुठून येतेय ते कळत नाही. दादाला एकच चाल यायची, तीही अर्धवट. आई म्हणायची, आरं निदान पुरी तरी शीक. तो म्हणायचा, अर्ध्यात वर येतोय की मी, पुरी कशाला पायजे.

लोणंदचे दिनकर पहिल्यांदा आले ते शेंगोळीच्याच वासात. लोणंदला स्टेशनाच्या पलीकडं त्यांची पत्र्याची शेड होती, भट्टी होती. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यांपासून ते पाने घडवत आणि मिस्त्री लोकांकडं घेऊन फिरत. कुणीतरी सांगितलं, कुंडलच्या तात्यांनी पास केला तर बाकीचे डोळे झाकून घेतील. म्हणून आले. हातभर लांब, जाड दांड्याचा पाना, घडणीला सुरेख. दुसऱ्या बोल्टावर त्याचं तोंड फाकलं आणि मी सांगितलं. इतर लोक अशा वेळी चिडत, किंवा पोरीला काय कळतंय म्हणत. हे माझ्यापुढं मातीत उकिडवे बसले आणि विचारलं, "कुटनं फाकला? खालच्या जबड्यातनं का वरच्या?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी तिथं खडूनं खूण केली, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पानी कमी पडलं असंल." लोखंड लाल करून तेलात बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण माझ्याशी असं कामाचं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी जेवताना मी त्यांना तीनदा वाढलं आणि दादाच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्यांदा आले तेव्हा पाना पहिल्या बोल्टावर टिकला, दुसऱ्यावर टिकला, तिसऱ्यावर मला फट दिसली. नखाएवढीही नव्हती. मी क्षणभर थांबले. पण त्या वेळी माझ्यात तोरा जास्त होता आणि प्रेम कमी, म्हणून मी "फाकलं" म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या हातानं तो पाना तारेवर टांगला, पहिल्याच्या शेजारी. त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या चुलत्यांचा निरोप आला, मुलीचं बघायचं आहे का म्हणून. आई खूश झाली. तात्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "मानूस बरा हाय. पर ज्याचा पाना फाकतोय त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची? तिसऱ्यांदा यिऊ द्या, म्हातारीनं पास केला तर सुपारी फोडू." आई म्हणाली, चेष्टा पुरे. पण तात्यांची चेष्टा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे ती ओळखून होती आणि मीही.

त्यांचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात तिसरा पाना घेऊन येतो. मला त्या पान्यावर विश्वास होता का? होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटत होती आणि त्याहून माझ्या डोळ्याची. फट दिसली तर मी काय म्हणणार होते? तात्यांसमोर तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नसतं. म्हणून मी अशी तजवीज केली की मला खोटं बोलावंच लागू नये. गंजलेल्या बोल्टाला रॉकेल पाजायचं, हळूहळू टिचक्या मारायच्या आणि थांबायचं, हे तात्यांनीच शिकवलं होतं. "लोकंडाला घाई केली की ते रागावतंय," म्हणायचे. तात्यांची एक सवय होती. परीक्षेला पहिला बोल्ट ते नेहमी घराकडच्या वरच्या कोपऱ्यातला घेत, देवाचं नाव घेऊन. रेशनचं रॉकेल, आईचं त्यावर बारीक लक्ष. एकाच बोल्टापुरतं मिळण्यासारखं होतं. मी विचार केला, पहिला झोकात झाला की तात्या खुशीत येतात आणि पुढच्या दोघांवर त्यांचा हात हलका पडतो. पाच दिवस दुपारी, आई झोपली की, मी चिंधी रॉकेलात भिजवून त्या नटाला गुंडाळायची आणि वरवंट्यानं बोल्टाच्या टाळूवर टिचक्या मारत बसायची.

तिसऱ्या दुपारी दादा अचानक घरी आला. मी चिंधी पाठीमागं लपवली, पण वास कुठं लपवणार? तो म्हातारीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "म्हातारीला औशीद पाजतीस व्हय गं?" मी रडायलाच लागले. तो हसला, कमरेवर हात ठेवून हसला. "रडतीस कशापायी? लगीन तुजं, म्हातारीचं न्हाई." मग म्हणाला, "एकच बोल्ट हाय न्हवं? बाकीचं दोन हायत तपासायला. जाऊ दे." आणि जाताना वरवंटा माझ्या हातातून घेऊन त्यानं स्वतः दोन टिचक्या मारल्या, माझ्यापेक्षा नेमक्या.

परीक्षेच्या दिवशी दिनकर सकाळीच आले. नटावरचा रॉकेलचा वास मी आदल्या रात्रीच राखेनं चोळून मारला होता. तात्यांनी पाना हातात घेतला, तोलला, वासही घेतला. देवाचं नाव घेतलं, पहिल्या बोल्टाला लावला, नळी चढवली. मी मुळीवर. "शाले, बगतीस न्हवं?" "बगती तात्या." त्यांनी आणि दादानं वजन टाकलं आणि नळी एकदम खाली गेली. कर्र असा आवाज झाला, जुनं दार उघडावं तसा. मला वाटलं, पाना घसरला. पण नट फिरला होता. म्हातारी हलली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तात्या जमिनीवर बसले होते, धोतराला माती, आणि तोंडावर असा आनंद की मी तो त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो नट बोटांनी फिरवत फिरवत पुरा काढला, बोल्ट उपसून आईला दाखवला, शेजारच्यांना हाका मारल्या. "म्हातारी सुटली! लोनंदकरानं म्हातारी सोडवली!" मी वाट बघत होते की ते आता दुसऱ्या बोल्टाकडं वळतील. दादाही वाट बघत होता. तो एकदा म्हणालाही, "तात्या, दुसऱ्याला लावायचा न्हवं?" तात्या म्हणाले, "आरं, सोळातला एक सुटला, आनि काय बगायचं ऱ्हायलं?" आईनं हळदकुंकू आणलं. दुपारी सुपारी फुटली.

मिस्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलीला त्याच क्षणी कळायला हवं होतं, आणि मला वाटतं कळलंही होतं. जो बोल्ट पहिल्याच जोरात सुटतो तो पान्याची परीक्षा घेतच नाही. त्या पान्यावर खरं वजन पडलंच नव्हतं. ते पडायचं राहिलं होतं, एवढंच.

लग्न उन्हाळ्याच्या शेवटी ठरलं. त्या वर्षी विहिरी लवकर खाली गेल्या आणि तात्यांना उसंत मिळेना. गावाबाहेरच्या एका मळ्यात पंप खालच्या गर्डरवर उतरवायचा होता. मी भाकरी घेऊन गेले. बाजरीची भाकरी, खर्डा, कांदा आणि दह्याचं गाडगं. विहिरीच्या काठावर मळ्याचे मालक आणि दोनतीन माणसं उभी होती. पाइपाचा जोड सोडवायचा होता, बोल्ट गंजलेले. दादानं पेटीतून नेहमीचा जुना पाना काढला. तात्या म्हणाले, "त्यो ठीव. लोनंदचा घे."

"ह्यो चालंल की, तात्या. हाताच्या सवयीचा हाय."

"म्हातारीला हलवल्याला पाना हाय त्यो, आनि तू जुना मागतूस व्हय?" हे तात्यांनी काठावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं. होणाऱ्या जावयाचा त्यांना अभिमान होता.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी पाच पावलांवर उभी होते, भाकरीची बुट्टी कमरेवर. एक शब्द बोलायचा होता. "तात्या, थांबा," एवढा जरी बोलले असते तरी पुरे होतं. पुढचं दादानं निभावून नेलं असतं. मला आठवतं, माझ्या मनात काय चाललं होतं: लोक आहेत, घरी गेल्यावर सांगू; लग्नाला थोडेच दिवस आहेत, लग्न झाल्यावर सांगू; पाना चांगलाही असेल. मी मूग गिळून उभी राहिले. दादानं मला डोळा मिचकावला, तो लोणंदचा पाना कमरेला खोचला आणि शीळ घालत खाली उतरला.

शीळ बराच वेळ येत होती. मी बुट्टी खाली ठेवली, कांदे फोडले. मग पाना दगडावर आपटल्याचा आवाज आला. तो आधी आला. किण्ण, आणि खाली जाऊन परत एकदा किण्ण. त्यानंतर दुसरा आवाज आला, जड. त्यानंतर विहीर गप्प झाली. तात्यांनी "आनंदा" अशी हाक मारली आणि वाकून कान लावला. ते शिळेची वाट बघत होते. मी त्यांना तसं वाकलेलं बघितलं ते आजही बघते, भाजी चिरताना, रिक्षात बसताना, कधीही. विहिरीत पाणी थोडं होतं आणि दगड उघडा पडला होता. दादाला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

पाना त्याच दिवशी कुणीतरी गाळातून काढून आणला. तोंड चांगलं बोटभर फाकलेलं. तात्यांनी तो काही दिवस ओट्यावर पुढ्यात ठेवला आणि तेरावं झाल्यावर उठून गोठ्याकडं गेले. तारेवर, दिनकरांच्या पहिल्या दोन पान्यांच्या शेजारी, तिसरा टांगला. मी पाठोपाठ गेले होते. सांगायलाच गेले होते. माझे ओठ हलले असतील, कारण तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "तू कायबी बोलू नगंस. तोंडाकडं बगायला तू हुतीस म्हनून तुला लागून ऱ्हायलंय, मला म्हाईत हाय. पर तुजी चूक न्हाई. डोळा तुजा हुता, हात माजा. तिनाचं एक मीच केलं. त्यो बोल्ट सुटला तवाच मला कळाय पायजे हुतं, ह्यानं कायबी तपासलं न्हाई." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्या हाताखाली उभी राहिले आणि काही बोलले नाही. तात्यांना जगायला कारण म्हणून तेवढी एक चूक उरली होती आणि ती काढून घेण्याची माझी छाती झाली नाही, असं मी त्याला सुंदर नाव देऊ शकते. खरं तर मी भ्याले होते.

लग्न मोडेल असं सगळ्या गावानं धरलं होतं. दिनकर स्वतः आले, डोक्यावर टोपी नाही, दाढी वाढलेली, आणि तात्यांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, "मला सोडवा ह्यातनं. मी तुमच्या दारात उभं ऱ्हायच्या लायकीचा न्हाई." तात्या म्हणाले, "पाना पास मी केला. पास म्हटलं ते म्हटलं." वर्ष सरल्यावर वाजंत्रीशिवाय लग्न झालं. मला जे हवं होतं ते मिळालं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं आहे.

यांनी भट्टी विझवली ती कायमची. आम्ही सांगलीला आलो. हळदीच्या व्यापाऱ्यांकडं हळद पॉलिश करायचे मोठे लोखंडी पिंप असतात, त्यांची दुरुस्ती यांनी आयुष्यभर केली. घरी यायचे ते पिवळे होऊन, भुवया सुद्धा पिवळ्या. संसार चांगला झाला, मुलं झाली, आम्ही हसलोही पुष्कळ. पण चहा पिता पिता हे मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "त्या दिवशी तेल गरम हुतं." किंवा, "पाट्या दुसऱ्या ट्रकच्या हुत्या, त्याला पानी जादा लागत असंल." मी विचारायची नाही कशाबद्दल. दोन माणसं, एक कुंडलला आणि एक माझ्यासमोर पाटावर, आपापल्या हातात तीच चूक घेऊन बसली होती आणि मी दोघांनाही जेवायला वाढत होते. तात्या गेले तेव्हा शेवटपर्यंत शुद्धीवर होते. मी दहा दिवस उशाशी होते. त्यांना शीळ ऐकू येत होती, अर्धवट चालीची. मला विचारायचे, "येतीया न्हवं?" मी म्हणायची, येतीय. त्या दहा दिवसांतही मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी कुंडलच्या घराची जागा रस्त्यात गेली. भंगारवाल्याला द्यायच्या आधी मी म्हातारी सांगलीला आणवली. सून म्हणाली, आई, हे ठेवायचं कुठं? मागच्या अंगणात ठेवलं, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. तारेवरचे पानेही एका पोत्यात आले. यांनी ते पोतं बरेच दिवस उघडलं नाही. मग एका सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारात आले तर हे पाटावर म्हातारीसमोर बसलेले. मुलानं कारखान्यातून आणलेला उत्तम पाना हातात, परदेशी पोलादाचा, आणि नळी चढवलेली. ऐंशीला टेकलेला माणूस नळीवर ओणवा होऊन एकेक बोल्ट बघत होता. एकही हलला नाही. पाना मात्र जसाच्या तसा होता. शेवटी, कुंडलला घराकडं असायच्या त्या वरच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या भोकात त्यांनी बोट घातलं आणि ते तसंच ठेवून म्हणाले, "आगं, ह्यो असला पाना असून बाकीचं पंदरा जाग्यावरनं हलत न्हाईत. मग माज्या पान्यानं हा एकच कसा सुटला असंल?"

ते मला विचारत नव्हते. इतकी वर्षं स्वतःलाच विचारत आले होते. मी कपबशी दोरीखालच्या दगडावर ठेवली. आणि म्हणाले, "मी त्याला रॉकेल पाजलं हुतं."

ते वळले नाहीत. "किती दिवस?"

"पाच. दादाला म्हाईत हुतं. तात्यांना न्हाई."

दोरीवरचं एक धोतर वाऱ्यानं हलत होतं. मला वाटलं, आता हे उठतील, ओरडतील, किंवा आत जातील आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत, आणि ते सगळं मला चाललं असतं. यांनी भोकातलं बोट काढलं, त्याला लागलेला गंज अंगठ्यानं चोळला.

"पानी माजंच कमी पडलं हुतं," ते म्हणाले. "पर ते अंगनातच कळलं असतं."

"व्हय."

"तू फाकलं म्हनली असतीस. मी त्यो तारंवर टांगला असता आनि लोनंदला गेलो असतो." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं वर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला तरी मला सापडला नाही, ते फार वाईट होतं. "आगं, चौथा घिऊन आलो असतो की मी. पाचवा आनला असता. तुला काय वाटलं, मी यायचा थांबलो असतो?"

त्यांनी नळी काढली, पाना फडक्यानं पुसला, पिशवीत घातला आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.